काम सहाला संपतं, मग साडेआठपर्यंत बसायचं कशासाठी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत तुम्ही गेल्या वर्षी टीम लीड झालात. तुमचं काम बहुतेक दिवशी सहा-साडेसहाला आटोपतं, पण आजूबाजूचं कुणी उठत नाही म्हणून तुम्हीही साडेआठपर्यंत बसून राहता. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, जो भेटेल त्याचं एकच पालुपद, ‘मरायलाही फुरसत नाही.’ रिव्ह्यूमध्ये मॅनेजर म्हणाले की कामाबद्दल तक्रार नाही, पण तुम्ही जरा कमी इन्व्हॉल्व्ड वाटता. घरी मनीषनगरला मुलगा दुसरीत आहे आणि त्याचा अभ्यास सासूबाईच घेतात. तुम्ही विचारलंय की आपणही सतत बिझी दिसायला शिकावं, की सरळ नोकरी बदलावी?

दोन्ही पर्याय मला घाईचे वाटतात. दिखावा करायला लागलात तर तो कायमचा करावा लागतो. नोकरी बदललीत तर पुढच्या इमारतीतही हेच वातावरण असण्याची शक्यता बरीच आहे. आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू.

वेळेचं नियोजन तुम्हाला येतं, म्हणून तर सहाला काम संपतं. तेव्हा त्याचे कोर्स करायच्या भानगडीत पडू नका. अडचण अशी आहे की तुमच्या ऑफिसात संपलेलं काम कुणालाच दिसत नाही आणि खुर्चीत बसलेला माणूस मात्र सगळ्यांना दिसतो. तुमच्या मॅनेजरसमोर तोलायला दुसरं काही नाही, म्हणून ते खुर्ची तोलतात. मी हे त्यांची बाजू घेऊन म्हणत नाहीये. पण त्यांच्याशी बोलायचं असेल तर हे धरूनच बोलावं लागेल.

मी नोकरीची सुरुवात बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये केली आणि नंतर आयटीत डिलिव्हरीच्या, म्हणजे क्लायंटचं काम पूर्ण करून देण्याच्या, बाजूला आलो. या दोन जगांत मला सगळ्यात मोठा फरक जाणवला तो हा. कारखान्यात अर्धवट काम डोळ्यांना दिसतं. दोन मशीनच्या मध्ये ट्रॉल्या साचल्या की सुपरवायझरच कशाला, चहा घेऊन येणारा पोरगाही सांगेल की पुढचं मशीन अडलंय. त्या मालात पैसा गुंतलेला असतो, त्यामुळे महिनाअखेरीला अकाउंट्सवाले तो मोजायला येतात आणि जास्त निघाला तर जाब विचारतात. ऑफिसात अर्धवट काम कुणाच्या इनबॉक्समध्ये, कुणाच्या ड्राफ्टमध्ये, कुणाच्या ‘उद्या बघतो’मध्ये भिजत पडलेलं असतं. ते कुणी मोजत नाही. ते साचलंय याचा पत्ता लागतो फक्त माणसांच्या धावपळीवरून, आणि त्या धावपळीलाच आपण कामसूपणा समजून शाबासकी देतो.

इथे थोडं गणित सांगतो, कारण मॅनेजरशी बोलताना ते कामी येईल. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक नियम सिद्ध केला. एखादं काम सरासरी किती दिवस रेंगाळणार, हे दोनच गोष्टींवर ठरतं: एका वेळी किती कामं उघडी आहेत आणि ठरावीक काळात किती संपतात. टीम आठवड्याला दहा तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, बंद करते आणि चाळीस उघडी आहेत, तर प्रत्येक तिकीट सरासरी चार आठवडे घेणार. साठ उघडी ठेवली तर सहा आठवडे. माणसं तीच, मेहनतही तेवढीच. फक्त जास्त कामांना एकदम हात घातला म्हणून सगळंच उशिरा होतं. उशीर झाला की फॉलोअपचे फोन येतात, स्टेटस कॉल लागतात, एस्केलेशनचे, म्हणजे वरिष्ठांकडे तक्रारीचे, मेल सुटतात, आणि ती सगळी पुन्हा नवीन कामंच.

दुसरं गणित रिकाम्या वेळाचं. एक माणूस आहे, त्याच्याकडे कामं कधीही येतात आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो, असं रांगेचं अगदी साधं गणित धरा. तो पन्नास टक्के वेळ व्यस्त असेल तर नव्या कामाला, ते करायला जितका वेळ लागतो, सरासरी तितकीच वाट बघावी लागते. तो ८० टक्के व्यस्त असेल तर चौपट, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेवटच्या पंधरा टक्क्यांत काय होतं ते बघा. ज्या माणसाला मान वर करायला फुरसत नाही, त्याच्या दाराशी सगळ्यांत लांब रांग असते. कारखान्यात हे शिकलेला प्लॅनर सहसा मशीनचं वेळापत्रक शंभर टक्के भरत नाही, थोडी जागा मोकळी ठेवतो. ऑफिसात मात्र माणसाचं कॅलेंडर शंभर टक्के भरलेलं असणं हीच त्याची लायकी ठरते.

एका टीमचं सांगतो. नऊ जण, अमेरिकेचा क्लायंट, रात्री नऊलाही सगळे जागेवर. क्लायंटची तक्रार अशी की साधासा बदल करून मिळायला महिना-सव्वा महिना जातो. मॅनेजरची मागणी, आणखी दोन माणसं द्या. मी म्हटलं, माणसं मोजण्याआधी कामं मोजू. कॉन्फरन्स रूमची एक भिंत घेतली आणि प्रत्येकाला सांगितलं की तुमच्याकडे सुरू असलेलं प्रत्येक काम एकेका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून लावा. जिरामध्ये (कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) असलेलंही आणि ‘जरा बघून दे ना’ म्हणत कुणीतरी गळ्यात मारलेलंही. चिठ्ठीवर तीन गोष्टी: काम काय, कोणत्या तारखेला हातात घेतलं, आणि आत्ता ते कुणासाठी थांबलंय. पहिली पाच मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत होते. मग एकीने सुरुवात केली आणि बघता बघता चिठ्ठ्या संपल्या, खालून दुसरं पॅड मागवावं लागलं. साठच्या वर कामं निघाली. टीम आठवड्याला दहा-बारा संपवत होती. क्लायंटचा महिना-सव्वा महिना कुठून आला, ते भिंतीवरच दिसत होतं.

मग ‘कुणासाठी थांबलंय’ या उत्तराप्रमाणे चिठ्ठ्या हलवायला लावल्या. जवळजवळ निम्म्या एकाच नावाखाली गोळा झाल्या. तो टीममधला सगळ्यांत जाणकार माणूस. प्रत्येक मीटिंगला हजर, शनिवारीही फोन उचलणारा, दोनदा पुरस्कार मिळालेला. त्याने चिठ्ठ्यांचा तो गठ्ठा बघितला आणि म्हणाला, “म्हणजे मीच सगळ्यांना अडवून राहिलो का, बाप्पा?” दोष त्याचा नव्हता. प्रत्येक डिझाइन त्याच्या मंजुरीशिवाय पुढे जायचं नाही असा शिरस्ता पडला होता, आणि त्याचा दिवस मीटिंगांत जात असल्यामुळे मंजुरी द्यायला त्याला रात्रच उरायची. बाकीचे रात्री नऊपर्यंत बसत, कारण त्याची मंजुरी आठनंतर यायची. एका माणसाच्या व्यस्ततेने आठ जणांची संध्याकाळ खाल्ली होती.

उपाय फार मोठे नव्हते. आणखी दोघांना लहान बदल मंजूर करायचा अधिकार दिला. त्याच्या सकाळी दहा ते एक या वेळेत कुणी मीटिंग टाकायची नाही असं ठरवलं. आणि नियम केला की भिंतीवरून एक चिठ्ठी उतरल्याशिवाय नवी लावायची नाही, एकूण तिसाच्या वर जायचं नाही. सुरुवातीचे दिवस फार अवघड गेले. कारण कुणाकुणाच्या हाताला एखादा तास कामच नसायचं, आणि रिकाम्या हातांनी बसायची माणसांना भीती वाटते. ते उगाच एखादी फाइल उघडून ठेवत. त्यांना वारंवार सांगावं लागलं की रिकामा वेळ मिळाला तर शेजाऱ्याचं अडलेलं काम सोडव, तेही नसेल तर खाली जाऊन चहा पिऊन ये. दोन-अडीच महिन्यांत बदलाचा कालावधी तीन आठवड्यांच्या आत आला. जास्तीची दोन माणसं लागली नाहीत.

आता तुमच्या मॅनेजरच्या वर काय चालतं तेही समजून घ्या. आयटी सर्व्हिसेसमध्ये युटिलायझेशन नावाचा आकडा असतो. काही मोठ्या कंपन्या तो तिमाही निकालांबरोबर गुंतवणूकदारांना सांगतात. त्याचा अर्थ इतकाच की उपलब्ध माणसांपैकी कितीजण क्लायंटच्या बिलावर आहेत, म्हणजे कितीजणांच्या कामाचे पैसे क्लायंट देतो. तो ८५ टक्के असावा ही धंद्याची गरज आहे, त्यात गैर काही नाही. पण वरून खाली येता येता त्याचा अर्थ बदलतो. माणूस बिलावर असावा याचं ‘माणसाचा मिनिट न मिनिट भरलेला असावा’ असं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि ही गल्लत मी भल्याभल्या मॅनेजरांमध्ये पाहिली आहे.

शिवाय हवाच तशी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. त्या दोघांचं कर्तृत्व मोठं आहे, पण तासांचा हा हिशेब मला अजिबात मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तुमच्या मजल्यावर रोज साडेनऊ ते साडेआठ बसणारा माणूस पाच दिवसांत याच ५५ तासांपाशी पोचतो.

तुमच्यासाठी सगळ्यांत उपयोगी अभ्यास मला संशोधक एरिन रीड यांचा वाटतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीबद्दलचा. तिथेही कायम उपलब्ध असणारा माणूसच आदर्श मानला जायचा. काहीजण खरोखर रात्रंदिवस काम करायचे. काहींनी गाजावाजा न करता स्वतःचं काम आटोक्यात आणलं होतं: जवळचे क्लायंट घेतले, सहकाऱ्यांशी आपापसात वाटणी केली, आणि वेळ वाचवला. वरिष्ठांना या दोघांतला फरक कळत नव्हता, दोघांनाही सारखेच चांगले शेरे मिळत होते. ज्यांनी औपचारिकपणे ‘मला कामाचे तास कमी करून द्या’ म्हणून विचारलं त्यांचं मात्र नुकसान झालं, आणि असं उघड विचारणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं. यातून मी काढलेला अर्थ असा की वेळेची सवलत मागू नका. ‘मुलाच्या अभ्यासासाठी लवकर जाऊ द्या’ हे वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी मॅनेजरपुढे टाकू नका. तुम्ही लवकर जायचं म्हणतच नाही आहात, वेळेवर जायचं म्हणताय. वेळेवर जायला कारण द्यायला लागलात की ती मेहेरबानी होऊन बसते. बोलायचं ते कामाबद्दल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचा क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा असेल तर उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलली की साडेसात. अशा प्रोजेक्टात संध्याकाळचा काही वेळ खरोखरच द्यावा लागतो. तो ऑफिसात बसून द्यायचा की घरून, एवढाच प्रश्न उरतो. सपोर्टची शिफ्ट असेल तर माझं अर्ध सांगणं लागू नाही. अप्रेजल तोंडावर असेल तर दीड-दोन महिने थांबून सुरुवात करा. आणि तुमचे मॅनेजर चांगले आहेत पण त्यांचे वरिष्ठ खुर्च्या मोजत फिरतात, असं असेल तर तुम्हाला तुमच्याच मॅनेजरला हत्यार पुरवावं लागेल. खाली सांगतोय ते त्यासाठीही चालेल.

कायद्याच्या आधारावर फार विसंबू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे, पण व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही, आणि टीम लीडला त्यात धरलं जाऊ शकतं. तुमच्या टीममधल्या ज्युनिअर मुलामुलींना मात्र तो माहीत असायला हवा.

सुरुवात यादीने करा. पुढचे दोन आठवडे एका वहीत किंवा एक्सेलमध्ये फक्त उघडी कामं लिहा, त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांसारखीच: काय, कधीपासून, कुणासाठी थांबलंय. स्वतःची आणि टीमची. तास लिहू नका. तास लिहिले की चर्चा पुन्हा तासांवर जाते. यात तुम्हाला एक-दोन नावं किंवा एक-दोन टप्पे वारंवार दिसतील. कदाचित तुमच्या मॅनेजरचंच नाव दिसेल. ते जपून हाताळा.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी मॅनेजरना एक छोटा मेल. या आठवड्यात काय संपलं, काय अडलंय आणि कुणाकडे, तुमच्याकडून कोणता निर्णय हवा. आठ-दहा ओळी, त्याहून जास्त नाही. हा मेल तुमच्या साडेआठपर्यंत बसण्याची जागा घेतो, एवढं लक्षात ठेवून लिहा. महिन्याभरात मॅनेजर त्यातली वाक्यं उचलून स्वतःच्या रिपोर्टमध्ये टाकायला लागले, तर समजा की बाजी अर्धी जिंकलीत. ते वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्याकडेही दाखवायला काही नव्हतं, आता आहे.

नवीन काम अंगावर आलं की ‘नाही’ म्हणायची गरज नाही आणि ‘हो, करते’ एवढ्यावर सोडायचीही नाही. म्हणा, “सर, घेते. माझ्याकडे आत्ता सात कामं उघडी आहेत, त्यातली ही दोन याच आठवड्यात संपतात. हे आधी करायचं तर यातलं कोणतं थांबवू?” यादी समोर ठेवून विचारा. तोंडी विचारलंत तर ‘सगळंच करा’ असं उत्तर येतं. यादी बघितली की माणूस विचारात पडतो. पहिल्यांदा तरीही ‘सगळंच करा’ म्हणतील. तेव्हा कोणतं आधी करणार ते तुम्हीच ठरवा आणि त्याच दिवशी मेलने कळवून टाका.

कमी इन्व्हॉल्व्ड या शेऱ्याचं काय? तो सोडून देऊ नका. वेगळा वेळ मागून शांतपणे विचारा, “सर, मी जास्त इन्व्हॉल्व्ड आहे हे तुम्हाला कशावरून जाणवेल? दोन उदाहरणं द्या.” बऱ्याचदा उत्तर असं निघतं की अमुक मीटिंगमध्ये तुम्ही बोलत नाही, किंवा वरिष्ठांसमोर डेमो तुम्ही दिला नाही. या गोष्टी दिवसा, दहा ते सहात करता येतात. उत्तर ‘बाकीचे तुमच्याहून उशिरापर्यंत थांबतात’ एवढंच निघालं, तर तेही कळलं ते बरंच झालं.

संध्याकाळचं एकदम तोडू नका. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत संशोधक लेस्ली पर्लो यांनी एक प्रयोग केला होता, २००९ मध्ये त्यावर त्यांनी लिहिलं. टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ आधीच ठरवून पूर्ण मोकळी द्यायची, त्या वेळात फोन नाही, मेल नाही. सुरुवातीला लोकांनी विरोध केला. पण संध्याकाळ मोकळी ठेवायची म्हणून टीम एकमेकांशी आधी बोलायला लागली, कामाची आखणी सुधारली, क्लायंटचंही नुकसान झालं नाही. हे तुम्ही तुमच्या टीमपुरतं उद्यापासून करू शकता. प्रत्येकाचा वार ठरवा, तुमचाही. तुमच्या वारी सव्वासहाला उठा, खापरीहून मेट्रो धरा, आणि कुणाला स्पष्टीकरण देऊ नका. पंधरा-वीस दिवसांनी दुसरा वार जोडा. तुमचं उठणं नियमित झालं की लोक बघायचे थांबतात. अधूनमधून, चोरासारखं उठणं मात्र सगळ्यांच्या नजरेत भरतं.

एक गोष्ट जरा स्पष्ट सांगतो, राग मानू नका. टीम लीड म्हणून आता तुम्हीही कुणाची तरी वरिष्ठ आहात. तुम्ही साडेआठपर्यंत बसता म्हणून तुमच्या टीममधली दोन-तीन मुलं बसत असतील, आणि त्यांतलं कुणी वर्धेहून रोज ये-जा करत असेल. रात्री दहाला सुचलेला मेसेज लिहा, पण सकाळी साडेनऊला जाईल असा लावून ठेवा. ‘हा किती थांबतो’ असं कुणाचं कौतुक करू नका. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या आढावा मीटिंगला, ‘काय करून राहिला’ ऐवजी ‘काल काय संपलं’ असं विचारायला लागा. पहिले काही दिवस मुलं गोंधळतात, कारण आजवर कुणी ते विचारलेलंच नसतं.

हे सगळं करताना शरीराकडे लक्ष असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या दीर्घ ताणाने येणाऱ्या अवस्थेची, तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही एकत्र आणि बरेच दिवस जाणवत असतील तर वरचं काही करण्याआधी डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवाही आहे, क्रमांक १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

नोकरी बदलण्याबद्दल माझं मत असं. तीन-चार महिने शुक्रवारचे मेल गेले, कामं वेळेत संपली, क्लायंटकडून तक्रार नाही, आणि तरीही पुढच्या रिव्ह्यूत तोच शेरा आला, तर बाहेर बघा. कारण मग तिथे कामाला किंमत नाही हे कागदावर सिद्ध झालं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नोटीस पीरियड ९० दिवसांचा असतो, तो हिशेबात धरा. आणि मुलाखतीत ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे’ विचारू नका, त्याला सगळीकडे एकच गोड उत्तर मिळतं. विचारा, “तुमच्याकडे एखादा छोटा बदल मागितल्यापासून तो प्रत्यक्ष लाइव्ह व्हायला किती दिवस लागतात?” ज्या टीमला हे आकड्यात सांगता येतं, तिथे निदान कुणीतरी कामं मोजतंय.

दोन आठवड्यांची यादी झाली की इथेच टाका, क्लायंटची आणि माणसांची नावं काढून. मॅनेजरशी बोलायला जाण्याआधी कामं कुठे अडतायत ते आपण एकदा मिळून बघू.